चमच्याची कावीळ

सकाळी आठ वाजताच एका जुन्या दुकानापुढे रांग वळणापर्यंत गेली होती. आत बाकावर पाणीवाले बाबा बसले होते. आजाऱ्याच्या तळहातांना ते औषधी लेप लावत आणि आळीपाळीने एकेकाच्या हातावर पाणी ओतत. तांब्यातलं स्वच्छ पाणी खाली परातीत पिवळंधमक होऊन पडे. कावीळ डोळ्यांदेखत उतरली म्हणून माणसं गहिवरत. बाबांचा चष्मा मात्र जाड भिंगांचा होता. डोळ्यांवर त्या पाण्याचा गुण येत नसावा.

रांगेत माझी ताई आणि तिची नऊ वर्षांची मुलगी चिमणी होती. चिमणीच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून तिला दर तीन आठवड्यांनी रक्ताची पिशवी लावतात. अशाच एका पिशवीतून काविळीचा विषाणू तिच्या शरीरात शिरला. मी रक्तपेढीत रक्त तपासतो. पिशवीवर ‘सुरक्षित’ची चिठ्ठी लावून सही मीच करतो. महिनाभर ताई माझ्याशी बोलली नव्हती, आणि मलाही तोंड नव्हतं. मी नुसता मागे उभा होतो.

“परक्याचं रक्त म्हणजे परक्याचं पाप,” बाबा म्हणाले. “ते आजपासून बंद.”

ताईने मान डोलावली. रक्त द्यावं तर आजाराची धास्ती, न द्यावं तर पोर हातची जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा तांब्या घेऊन बसलेला.

चिमणीला लेप लावून बाबा दुसऱ्याकडे वळले. ती उठून कोपऱ्यातल्या नळावर गेली आणि साबणाने खसाखसा हात धुऊन आली. वॉर्डातल्या सिस्टरांनी लावलेली शिस्तच तशी, सुईआधी हात स्वच्छ हवेत. बाबांनी तिच्या हातांवर पाणी ओतलं. ते जसंच्या तसं स्वच्छ पडलं.

बाबांनी परातीत वाकून पाहिलं. “पाहा, कावीळ मुळातून गेली.”

ताई रडू लागली. खोट्या आनंदाचं ते रडणं मला सोसवेना. मी लेपाच्या वाटीतला चमचा उचलून परातीवर धरला आणि त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी पिवळंधमक झालं.

“मामा, चमच्यालाही कावीळ झाली?” चिमणीने विचारलं.

रांगेत हसू फुटलं. लेप आंब्याच्या झाडाच्या सालीचा होता आणि पाणी म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आली की पिवळा रंग येतो. यकृतातला विषाणू तळहातातून गळत नाही.

बाहेर ताई महिन्याने माझ्याशी बोलली. “मग आता विश्वास कोणावर ठेवू? तुझ्या चिठ्ठीवर?”

“नुसत्या चिठ्ठीवर नको,” मी म्हणालो. “रक्तदात्याला लागण नुकतीच झाली असेल तर साध्या तपासणीत ती सापडत नाही. आमच्याकडूनही ती तशीच निसटली. अधिक बारकाईची तपासणी असते, ती मागायची. चिमणीचं रक्त वेळोवेळी तपासायचं. विषाणूवर डॉक्टरांकडे औषध आहे. पण रक्त थांबवायचं नाही.”

आत चिमणीच्या त्या प्रश्नावर बाबा चिडले होते. वाचकहो, विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे आपलं लेकरू सोपवू नका, आणि जो चिडत नाही त्यालाही विचारायचं सोडू नका.

पुढच्या खेपेला वॉर्डात चिमणीने पिशवीवरची चिठ्ठी अक्षर लावून वाचली. “सही कोणाची?”

“माझी.”

“बारकाईची तपासणी केलीस?”

“केली.”

तिने ताईकडे पाहिलं. ताईने मान डोलावली, तेव्हा कुठे तिने हात पुढे केला.