चोळू नका म्हटलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. जुनी ती नुसती तारखेने. कामाला मी एकदाही आले नाही. रक्तात गाठी होऊ नयेत म्हणून पोटावर टोचतात, त्या इंजेक्शनाची मी सुई. कारखान्यातच माझ्या काचेच्या नळीत औषध भरलं, टोपण बसवलं आणि बहिणींबरोबर मला खोक्यात घातलं. तेव्हा केवढी ऐट होती मला!

आम्ही एका शिंपीणबाईंच्या घरी आलो. खुब्याचं ऑपरेशन होऊन त्या अंथरुणावर पडल्या होत्या. पुन्हा मशीनवर बसायचं, एवढाच त्यांचा ध्यास. नुसतं पडून राहिलं की पायात रक्त गोठू शकतं, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. नर्सने त्यांच्या मुलीला टोचायला शिकवलं आणि बजावलं, "टोचल्यावर चोळायचं नाही हं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही."

मुलगी रोज कामावर जाण्याआधी टोचायची. माझ्या बहिणी एकेक करून कामी आल्या. पण मुलीची पाठ वळली, की बाईंची थोरली बहीण पुढे सरसावायची. "दुखलं का गं माझ्या बाईला?" म्हणत टोचल्या जागी खसाखसा चोळायची. माया होती हो तिची, नाही कोण म्हणतंय! पण असली माया काय जाळायची आहे? चोळून चोळून बाईंचं पोट काळंनिळं झालं.

"बघ, काय केलंय या सुयांनी!" ती भाचीवर कडाडली. "बास झालं आता."

"मावशी, डॉक्टरांना विचारते ना."

"ते काय, आणखी सुया लिहून देतील. माझ्या कडेवर वाढलीय ती. मला कळत नाही?"

मुलीने खोकं उचललं. थोरल्यांपुढे तोंड कशाला उघडा! उरलेल्या आम्ही दोऱ्यांच्या रिळांशेजारी खणात जाऊन पडलो. मी आतल्या आत जळत होते.

मग बाईंची पोटरी सुजली, दुखू लागली. मावशीने तेल घेऊन तीही चोळली. त्याच दुपारी बाईंना धाप लागली, छातीत कळ आली आणि बघता बघता सगळं आटोपलं. धावत आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शनं चालू होती ना?" मुलीने खणाकडे बोट दाखवलं. मशीन झाकलेलंच राहिलं.

अजूनही मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "त्या सुयांनीच खाल्लं माझ्या बहिणीला." मुलगी आलेल्यांना चहा देते. माझा मात्र संताप संताप होतो.

मित्रांनो, मला खुशाल शिव्या द्या. डाग पडला, रक्त आलं, भीती वाटली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पण आपल्याच मनाने आम्हाला खणात टाकू नका.

काल मुलीने दोरा काढायला खण उघडला. मी हाताला लागले. मला मुठीत धरून ती म्हणाली, "डॉक्टरांना एक फोन केला असता, आई." मग तिने मला परत आत ठेवलं आणि खण लावून घेतला.