रेखानाथांची रेघ

"फिरली! फिरली! मागे फिरली!"

वासंतीकाकूंच्या हॉलमध्ये एकच गलका उठला. आमच्या इमारतीतली निम्मी माणसं त्या खोलीत दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांचे डोळे फरशीला चिकटले होते. खिडकीखालच्या फटीतून लाल मुंग्यांची रांग निघाली होती. तिच्या वाटेत रेखानाथ महाराजांनी चिमटीने पांढऱ्या भस्माची रेघ ओढली होती. पुढची मुंगी रेघेशी आली, पाय टाकून बघितला, थबकली आणि वळली. मागची तिच्यावर आदळली. बघता बघता सगळी रांग गोंधळून पांगली.

"कमाल है भाई!" खालच्या किराणा दुकानाचे शेठ म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

"मुंगी हा साधा जीव नाही, माउली," महाराज डोळे अर्धवट मिटून बोलू लागले. "मुंगी म्हणजे करणीची पावलं. निगेटिव्ह एनर्जी घरात चालत येते ती हिच्या पायांनी. हे भस्म हिमालयातल्या धुनीतलं. ह्याच्यात कॉस्मिक व्हायब्रेशन आहे. तुम्हा-आम्हाला ते दिसत नाही, मुंगीला दिसतं."

ह्या मुंग्यांना मुळात फारसं दिसतच नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. पण त्या घरावर गुदरलेला प्रसंग मला माहीत होता, म्हणून गप्प राहिले.

झालं होतं असं. वासंतीकाकूंच्या तान्ह्या नातीच्या पाळण्यात मुंग्या शिरल्या आणि पोरगी रडून रडून काळीनिळी झाली. अंगभर लाल गांध्या उठल्या. त्याच सुमारास काकूंचा मुलगा निहार ह्याची नोकरी गेली. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्या आणि काकू हादरल्या. पंढरीनाथकाका गेल्यापासून घराचा सगळा भार त्यांनी एकटीने ओढला होता. कुणीतरी त्यांना काशीगावजवळ मठ थाटलेल्या ह्या रेखानाथांचं नाव सांगितलं. मठ म्हणजे हायवेकडच्या एका औद्योगिक गाळ्यात घातलेली गादी. काकू तिथे जाऊन घरातलं सगळं सांगून आल्या. म्हणजे अगदी सगळं.

"काकू, ही खडूची पूड असेल," अखेर मला राहवलं नाही. "कुठल्याही भुकटीपाशी मुंगी जरा वेळ थांबतेच. दोन दिवस जाऊ द्या, परत येतात की नाही बघा."

महाराज मंद हसले. "बघा ना. मॅडमनाही बघू द्या."

मुंग्या परत आल्या नाहीत. दोन दिवसांनी काकूंनी माझी बेल वाजवली आणि केराची सुपली नाकासमोर धरली. तिच्यात मेलेल्या मुंग्यांचा थर होता, शिवाय उताणी पडलेली दोन झुरळं.

"हा बघ तुझा खडू, निशिगंधा."

खडूने झुरळ मरत नाही. मी चुकले होते, आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीला कळली. त्यानंतर ज्याने त्याने महाराजांची भस्माची पुडी आणून ओट्याखाली, गटाराच्या जाळीपाशी पसरली. सगळीकडचे किडे कमी झाले. माझ्या शंकेने महाराजांचं बस्तान उलट पक्कं झालं.

पण मला चैन पडेना. किडे मारायला आलेला माणूस घरातल्या सुनेच्या दागिन्यांची चौकशी कशाला करतो? काकूंची सून स्वप्नाली राई गावची. तिच्या घरची खाडीकाठची जमीन इमारतींखाली गेली, तेव्हा आईवडिलांनी लेकीच्या अंगावर बऱ्यापैकी सोनं घातलं होतं. जिन्यात महाराजांचा एक शिष्य काकूंना विचारत होता, "सूनबाई दागिने घरातच ठेवतात की बँकेत?" ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

पुढच्या खेपेला महाराज आले तेव्हा मी कॉलेजात होते. घरी येते तो काकूंच्या दारात चपलांचा ढीग, आणि आतून कुणाच्या तरी हुंदक्यांचा आवाज.

"सापडलं!" काकू मला दारातच म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "महाराजांनी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने रेघ ओढायला लावली. माझ्या रेघेपाशी मुंग्या फिरल्या. निहारच्याही फिरल्या. ह्या स्वप्नालीच्या रेघेवरून मात्र सरळ चालत गेल्या, निशिगंधा! सगळ्यांनी बघितलं. दोष हिच्याबरोबर आलाय घरात."

"मग आता?"

"हिने पौर्णिमेच्या आत माहेरी जायचं. अनुष्ठान होईपर्यंत यायचं नाही. अंगावरचं सोनं मठात शुद्धीला द्यायचं."

"आणि बाळ?"

काकूंनी मान वळवली. "बाळ इथे राहील. त्याला जपायला नको?"

निहार कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. महिनाभर घरी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी शरम साचते ती त्याच्या चेहऱ्यावर होती. तो ना बायकोकडे बघत होता ना आईकडे.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली बाळाला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. एरवी ही मुलगी आमच्यासारखंच बोलते. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडी राईची बोली आली.

"ताई, मी काय बी केलं न्हाय हो. पण मुंग्या गेल्या त्या मी पण बघितल्या. माझ्यातच काय वाईट हाय का?"

मला सगळ्यात भीती वाटली ती ह्या प्रश्नाची. सासूला पटलं होतं, नवऱ्याला अर्धंमुर्धं पटलं होतं, आणि आता तिला स्वतःलाही पटू लागलं होतं.

मी तिच्याकडून चिमूटभर भस्म मागून घेतलं आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं. भिंगातून बघितलं आणि हसूच फुटलं. हिमालयातल्या धुनीची राख मला तिथे दिसली नाही. दिसले ते काचेच्या नक्षीदार डब्यांचे तुकडे, जाळीसारखी बारीक भोकं पाडलेले. डायअ‍ॅटम! पाण्यात राहणारी ही सूक्ष्म शेवाळं स्वतःभोवती वाळूच्या जातीचं कवच बांधतात. ती मेली की कवचं तळाशी साचतात आणि लाखो वर्षांनी त्यांची मऊ पांढरी माती होते. दळून ती किडे मारायला विकतात. बागेचं सामान विकणाऱ्याकडे मिळते, मोबाईलवरून मागवता येते. किड्याच्या अंगावर मेणासारखा एक पातळ थर असतो, त्यामुळे आतलं पाणी आतच राहतं. ही भुकटी तो थर खरवडते, शोषून घेते आणि किडा सुकून मरतो. त्याला मंत्र लागत नाही. फक्त एक दिवस, दोन दिवस वेळ लागतो.

पावडर खरी होती. मेख तिथेच होती. पण मग स्वप्नालीच्या हातून ती का चालली नाही?

"मला पहिल्यापासून सांग," मी घरी येऊन तिला म्हटलं. "काकूंनी रेघ ओढली तेव्हा महाराजांनी काय केलं, आणि तुझ्या वेळी काय केलं?"

ती आठवू लागली. "आईंच्या रेघेवर नुसता मंत्र म्हटला. निहारच्या पण. माझ्या वेळी म्हणाले, हिच्या हाताला दोष असेल तर आधी क्षालन पाहिजे. मग माझे हात तीर्थात बुडवले. रेघ ओढून झाली की वरून तीर्थ शिंपडलं, कमंडलूतलं."

मी तिला तशीच स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर गुळाचा खडा ठेवला, मुंग्या यायची वाट बघितली आणि तिच्याच हाताने कोरडी रेघ ओढायला लावली. मुंग्या फिरल्या. मग तिलाच रेघेवर नळाचं पाणी शिंपडायला सांगितलं. भुकटीचा चिखल झाला, घट्ट बसला, आणि थोड्या वेळात मुंग्या त्याच्यावरून पूल ओलांडावा तशा निघाल्या. कोरडी असते तोवरच ही भुकटी पायाखाली सरकते, अंगाला चिकटते. भिजली की संपलं तिचं काम.

स्वप्नाली बघत राहिली. मग तिने बाळाला घट्ट धरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला राग आला.

"म्हणजे त्याला माहीत होतं!"

"पक्कं माहीत होतं. म्हणून तर तीर्थ फक्त तुझ्या वाट्याला आलं."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी महाराज सोनं घ्यायला आले. आम्ही दोघींनी इमारतीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. महाराज खुशीत होते. गर्दी बघून आणखी फुलले. बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी मुंग्या लागल्या होत्या. महाराजांनी स्वतः रेघ ओढली, मुंग्या वळल्या, लोकांनी जयजयकार केला.

"महाराज," मी पुढे झाले, "ह्या रेघेवर थोडं तीर्थ शिंपडा ना. शक्ती वाढेल."

त्यांचा हात कमंडलूकडे गेला आणि थांबला. "गरज नाही. आमच्या रेघेला क्षालन लागत नाही."

"पण तीर्थाने काही वाईट तर होणार नाही?"

"श्रद्धा नसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून तीर्थ वापरायचं नसतं."

"अरे, तीर्थ ही तो है," शेठ मागून म्हणाले. "डालने में क्या जाता है, महाराज?"

खोलीत कुजबुज सुरू झाली. महाराज उठायच्या बेतात होते, तेवढ्यात वासंतीकाकू पुढे आल्या. त्यांनी कमंडलू उचलला. "मी श्रद्धेने शिंपडते," असं म्हणाल्या आणि महाराजांच्या रेघेवर बोटांनी तीर्थ शिंपडलं.

मुंग्या जरा वेळ घुटमळल्या. मग एक ओल्या रेघेवर चढली. पलीकडे उतरली. तिच्यामागे दुसरी. मग पूर्ण रांग, महाराजांनी स्वतःच्या हाताने ओढलेल्या रेघेवरून, सरळ हॉलमध्ये.

"आता दोष कुणाचा, महाराज?" निहारने विचारलं. तो पुढे येऊन उभा राहिला होता.

"ह्या... ह्या घरात फार निगेटिव्हिटी आहे," महाराज म्हणाले. "आमच्यावरही तिचा परिणाम..."

"माझ्या सुनेच्या वेळीच पाणी का टाकलंत?" काकू ओरडल्या. "ते सांगा! तिच्याच वेळी का?"

शिष्याने पिशवी उचलली, महाराजांनी शाल सावरली आणि दोघे जिना उतरले. निहारने पोलीस चौकीत लेखी तक्रार दिली. महिनाभरात काशीगावच्या त्या गाळ्याला कुलूप लागलं. दुसरीकडे कुठे मठ उघडला असेल तर मला नवल वाटणार नाही.

त्या दिवशी लोक पांगायच्या आधी मी सगळ्यांना मायक्रोस्कोपची आणि मातीची गोष्ट सांगितली. कोरड्या फटीत टाका, पातळ टाका, टाकताना नाकाला रुमाल बांधा, बाळाच्या पाळण्यापासून लांब ठेवा. श्वासावाटे जाणारी कुठलीही बारीक धूळ चांगली नाही, मग ती धुनीतली असो की दुकानातली. आणि पाळण्याची दुपटी दुधाने चिकट राहू देऊ नका. मुंग्या दुधासाठी आल्या होत्या, कुणाची सून शोधत नव्हत्या.

काकू स्वप्नालीसमोर बसल्या. म्हणाल्या, "मी बाळाला तुझ्यापासून तोडणार होते."

"हो, आई," स्वप्नाली म्हणाली. तिने 'असू दे' म्हटलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. काही दिवस ती राईला राहून आली, स्वतःच्या मर्जीने, बाळाला घेऊन. आणायला काकू स्वतः गेल्या.

अशी माणसं शंभर टक्के खोटं बोलत नाहीत, हे मी ह्यातून शिकले. ती एक खरी गोष्ट हातात घेतात आणि तिच्या शेपटाला आपलं खोटं बांधतात. म्हणून 'गुण आला की नाही?' एवढंच विचारून थांबू नका. गुण कशाने आला ते विचारा. एकाला जे दिलं तेच दुसऱ्याला दिलं का, ते विचारा. स्वतः करून बघा, उलट करून बघा, चारचौघांत करून बघा. भुकटीने मुंग्या मेल्या तर त्यावरून एवढंच सिद्ध होतं की भुकटीने मुंग्या मरतात. त्यावरून कुणाच्याही लेकीवर बोट दाखवता येत नाही.