आजीबाईचा जिना

जोशुआ ट्री या वाळवंटातल्या कातळांत तीस हिवाळे काढल्यावर मला एक गोष्ट पक्की जमते. अवघड जागेला सोपी म्हणायची. आमच्या कातळ चढणाऱ्यांच्या तळावर ती रीतच आहे. जिथे भल्याभल्यांची पाचावर धारण बसते, त्या जागेला आम्ही ‘जरा हात टेकावे लागतात’ एवढंच म्हणतो. नवखा माणूस घामाघूम होऊन परतला की शेकोटीभोवती सगळे पोट धरून हसतात, आणि पुढच्या वर्षी तोच नवखा दुसऱ्याला तेच सांगतो. मलाही असंच फसवलं होतं. त्यामुळे त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं, पण आता वाटून काय उपयोग.

मार्लिस नोव्हेंबरात आली. फ्रेस्नो शहरातल्या एका शाळेत ती ग्रंथपाल होती, वय बावन्न. लहानपणी तिचे दोन्ही भाऊ झाडांवर चढायचे आणि हिला खाली कपडे सांभाळायला बसवायचे, हे तिनेच मला सांगितलं होतं. ‘तुझं काम नव्हे ते,’ म्हणायचे. म्हणून महिनाभर रजा टाकून, कोरे करकरीत बूट घेऊन ती चढाई शिकायला आली. मी शिकवत होतो. अंगात ताकद बेताची, पण जिद्द अशी की एकेका पकडीशी अर्धा अर्धा तास झगडायची. मला ती आवडायची. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाटेल मी तिच्यावर डूख धरून होतो.

दोन दिवस चढाई केली की इथल्या खरबरीत दगडाने बोटांची कातडी सोलवटते. मग तिसरा दिवस आरामाचा. लोक गावात जाऊन कपडे धुतात, अंघोळ करतात, पाण्याचे कॅन भरून आणतात. तरी हातपाय शिवशिवतातच. मग दोर न घेता कातळांच्या पोटातल्या वाटा शोधत फिरायचं.

“आज काय करू रे, डेल? बसून बसून कंटाळा आला,” मार्लिस म्हणाली.

“आजीबाईच्या जिन्याने जा की. दोर नको, काही नको. इकडून आत शिरायचं, पलीकडून बाहेर. तासाभराचं काम.”

“एकटीला जमेल?”

“अगं, माझा कुत्रा जातो,” लॉनी म्हणाला. लॉनी माझा पहिल्या हिवाळ्यापासूनचा जोडीदार.

“कॉफीचा कप हातात घेऊन जा, थेंब सांडणार नाही,” मी म्हणालो.

ती हसली आणि निघाली.

त्या वाटेचं नावही आम्हीच ठेवलेलं, लोकांना गंडवायला. आधी पोटावर सरपटायचं. मग एका गुळगुळीत घसरणीवरून खाली यायचं, जिथून परत वर चढता येत नाही. आणि पुढे एक फट. रुंदी पुरुषभर, खाली तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढी खोल. उडी मारायची. पहिल्या खेपेला मी त्या फटीपाशी दोन तास बसलो होतो आणि भीतीने पँट ओली केली होती. लॉनीला हे माहीत आहे, कारण हात द्यायला पलीकडे तोच उभा होता.

मला वाटलं होतं, सरपटायच्या जागीच ती परत फिरेल. पण सोपं आहे म्हणून सांगितल्यावर ती फिरेल कशाला? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

अकराला गेलेली मार्लिस तीन वाजले तरी आली नाही. मी दोर खांद्यावर टाकला आणि पलीकडच्या तोंडाने आत शिरलो. फटीच्या पल्याड ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ फुटलेले, पाणी कधीच संपलेलं. घसरणीवर परत चढायचा प्रयत्न करून करून बोटांतून रक्त येत होतं.

“तुझा आरामाचा दिवस वाया घालवला रे मी. माफ कर हं,” ती म्हणाली.

माफी ती मागत होती! मी दोर टाकला, तो कमरेला बांधून, उडी मारून ती अलीकडे आली. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो? म्हणालो, “होतं असं कधीकधी.” लाज वाटली म्हणून. तिच्यासमोर माझी तीस वर्षांची ऐट उतरेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तंबूची घडी घालत होती. तळावर तिने रजा संपली एवढंच सांगितलं. मला मात्र खरं ते बोलली.

“भावांचं बरोबर होतं, डेल. जिथून कुत्रा जातो तिथे मला जमलं नाही. हे बूट ठेव, कुणाला तरी होतील.”

मी तिला सगळं सांगितलं. दोन तास, ओली पँट, आमची घाणेरडी रीत, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

“चांगला माणूस आहेस तू. मला बरं वाटावं म्हणून स्वतःची अब्रू घालवतोयस.”

“अगं, आईशप्पथ खरं सांगतोय!”

“कालही ‘होतं असं कधीकधी’ म्हणून अशीच समजूत घालत होतास.”

मी लॉनीला हाक मारली. तो राजम्याचं भांडं घेऊन खात खातच आला.

“लॉनी, मी पहिल्यांदा जिन्यात गेलो तेव्हा काय झालं होतं, ते सांग हिला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे लकाकले. त्याला वाटलं, खेळ चालू आहे.

“काय व्हायचंय? शीळ घालत गेलास, शीळ घालत आलास.”

“थट्टा नको. खरं सांग.”

“खरंच सांगतोय की! झोपेत चालत जावं अशी वाट ती.” चेहरा एकदम गंभीर. तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून घोटलेला.

शेजारच्या तंबूतले दोघं हसले. मार्लिसही हसली. मग बूट माझ्या हातात देऊन तिने गाडी सुरू केली. मी खिडकीशी धावत काहीतरी ओरडलो, तिने काच खाली करून “खूप केलंस माझ्यासाठी” म्हटलं आणि ती गेली.

“पुढच्या हिवाळ्यात येईल ना ती?” लॉनीने विचारलं.

मी त्याला सांगितलं, ती का गेली ते. त्याचा चमचा भांड्यातच राहिला.

“अरे, मग खरंच विचारतोयस हे मला सांगायचंस ना!”

“सांगितलं होतं,” मी म्हणालो.