वीतभर टेप

मित्रांनो, मी एक जुना कन्व्हर्टर आहे. साबणाच्या वडीएवढी पत्र्याची डबी, पुढे दोन गोल बटणं आणि एक लाल दिवा, मागे वायरी खोचायची भोकं. कपाटाच्या खालच्या खणात बंद पडलेल्या टॉर्चच्या शेजारी माझा मुक्काम असतो. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण काम सोपं आहे. टेपमधला आवाज लाटेसारखा वरखाली होत येतो आणि कॉम्प्युटरला आकड्यांखेरीज काही कळत नाही. मी त्या लाटेची उंची एका सेकंदात चव्वेचाळीस हजार वेळा मोजतो आणि आकडे पुढे पाठवतो. स्वतःकडे काही ठेवून घेत नाही, तसा नियमच आहे. तरी एक आवाज माझ्यात राहून गेला आहे. खण बंद झाला की तो येतो.

कारखान्यात डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने मला जोडलं. नंतर माझी परीक्षा झाली. कानात काहीच सोडलं नाही आणि मी किती गप्प राहतो ते बघितलं. आमच्यात रिकामपणी जो स्वतःच गुणगुणत बसतो तो वाया गेलेला समजतात. मी पहिला आलो. एवढी फुशारकी मला मारू द्या.

तरी दुकानात मला कोणी विचारेना. फळीवर धूळ खात बसलो होतो. खाली खिळ्याला बोटाएवढे स्वस्त कन्व्हर्टर लटकलेले असत, ते भराभर खपायचे. एके दिवशी कवळ्या बनवणारी एक बाई आली. तिच्या नखांत प्लास्टरची पांढरी पूड होती. जुनी टेप कॉम्प्युटरवर घ्यायची आहे, म्हणाली. दुकानदाराने खिळ्यावरचा एक काढून दिला. चार दिवसांनी ती परत आली. तिने तो कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात लावून एक दुसरीच टेप वाजवून बघितली होती आणि नुसती घरघर आली होती. दुकानदार म्हणाला, टेपच खराब असणार. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मग तिने विचारलं, "यातला स्वतःचा आवाज सगळ्यात कमी कोण करतो?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. दुकानदाराने फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली.

तिच्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीत तिची आई बसलेली असे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लोकांचे कॉल जोडण्यात त्यांचा जन्म गेला होता. शेजारीपाजारी अजून त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. त्या रात्रपाळी करायच्या आणि दुपारी झोपायच्या. त्यांना एक मुलगा होता, या कवळीवालीचा दादा. तो टेपरेकॉर्डर घेऊन ऑपरेटर-ऑपरेटर खेळायचा. एका दुपारी त्याने आपला खेळ टेप केला आणि त्याच आठवड्यात तापाने तो गेला. ऑपरेटरबाईंनी ती टेप रुमालात गुंडाळून ठेवली. वर्षानुवर्षं त्यांना ती लावायचा धीर झाला नाही. धीर झाला तेव्हा यंत्राने दावा साधला. पोराने आईला हाक मारली आणि तिच्यापुढेच टेप चाकात गुंतली. दुरुस्तीवाल्याने चुरगळलेला वीतभर तुकडा कापून टाकला आणि उरलेली दोन टोकं जोडून दिली. त्यानंतर बाईंनी टेप एकदाच ऐकली. आधी हाक, आणि पुढे नुसती शांतता.

"झोपले होते मी," त्या मुलीला सांगायच्या. "अख्ख्या गावाच्या हाकेला ओ दिली, आणि माझं पोर हाक मारून वाट बघत बसलं."

मुलीने परोपरीने समजावलं, पण त्यांच्या डोक्यातून ते जाईना. कोणी बोलताना मध्येच गप्प झालं तरी त्या दचकायच्या. अलीकडे तर पोराची हाक तरी राहू दे, असंच म्हणायच्या. टेपच्या जोडावरचा चिकटा वाळला होता. टेप फार तर एकदा चालेल, मग तुटेल, असं दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं.

म्हणून मुलीने आधी दुसऱ्याच एका टेपवर हात बसवला. टेपरेकॉर्डरची वायर माझ्या मागच्या भोकांत आणि माझी वायर कॉम्प्युटरला. बारीकशी घूं घूं येत होती. तिने कॉम्प्युटरचा चार्जर उपटला तशी ती थांबली. मोठ्या आवाजाला माझा लाल दिवा लागला की लाटेचं डोकं छाटलं जातं आणि ते पुन्हा जोडता येत नाही. तिने माझं बटण हळूहळू मागे घेतलं. मला ते हात आवडले.

मग ती टेप लागली. ऑपरेटरबाईंनी कानाला हेडफोन लावले होते, अगदी ड्युटीवर बसल्यासारखे, आणि मुलीनेही दुसरे लावले होते. पहिल्यांदा एक पुसट आवाज आला, शेजारच्या खोलीत कोणी पुटपुटावं तसा: "नंबर सांगा." आणि क्षणभराने तेच शब्द मोठ्याने आले. पोर बोलायच्या आधी त्याची सावली बोलत होती. मित्रांनो, यात भुताटकी नव्हती. टेप गुंडाळून फार दिवस पडून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. ओल्या शाईची वही मिटल्यावर समोरच्या पानावर उमटतं ना, तसंच. हे मला ठाऊक होतं, तरी मला भीती वाटली.

पोराने नंबर विचारले, लाईन बिझी असल्याचं सांगितलं. मग हाक आली, "आई, तुझा कॉल आलाय!" जोड खुट्ट करून पुढे सरकला. पुढे शांतता होती.

मुलगी बटण बंद करायला वाकली. मी गप्प होतो. तेवढंच मला येतं.

ऑपरेटरबाईंनी हात वर केला. "थांब. लाईनवर कोणीतरी आहे."

टेप शेवटपर्यंत चालू दिली. उलटी गुंडाळताना ती जोडावर तुटलीच. पण आकडे कॉम्प्युटरमध्ये पोहोचले होते. मुलीने तेवढाच भाग मोठा करून लावला. खरखरीच्या तळाशी एका तरुण बाईचा झोपाळलेला आवाज होता.

"ओ राजा. जोड, ऐकतेय मी."

"हा कोणाचा आवाज?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"तुझा, आई."

कापून टाकलेल्या त्या वीतभर टेपवर त्यांची ओ होती. पुढच्या वेढ्यावर तिचा ठसा राहिला होता. साच्यावरून दात ओळखणाऱ्या मुलीला हे समजवावं लागलं नाही. बाईंनी ती ओ पुन्हा लावायला सांगितली. मग हळूच म्हणाल्या, "मग तो पुढे गप्प का झाला?"

मुलीने आवाज आणखी वाढवला. त्या शांततेत अनवाणी पावलं होती, लांब लांब जाणारी.

"तो खोलीत नव्हताच, आई. टेप चालू ठेवून तुझ्याकडे पळाला."

ऑपरेटरबाईंनी हेडफोन काढले नाहीत. दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि त्या रडल्या.

त्यानंतर माझ्याकडून फारसं काम झालं नाही. नव्या कॉम्प्युटरला माझी वायर बसत नाही. ऑपरेटरबाई आता नाहीत आणि खिडकीजवळची खुर्ची कोणी हलवलेली नाही. तुमच्या घरी कुठे जुनी टेप पडली असेल, तर ती तुटायच्या आत लावा. तिच्यातली शांतता रिकामी समजून कापू नका. आणि घरातल्या कोणी हाक मारली, तर झोपेत का होईना, तोंडाने ओ द्या.

माझं म्हणाल तर खण बंद झाला की तो आवाज येतो. "जोड, ऐकतेय मी." माझी वायर कुठेच लावलेली नाही. मी तरी कुणाला जोडू?