निर्माल्यातला जवस

शोभनाकाकूंनी निर्माल्याची कागदी पिशवी जेवणाच्या टेबलावर उपडी केली आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"बघ त्यात," त्या म्हणाल्या. "रुळाशेजारची पिवळी फुलं मीच तोडत होते. रोज पहाटे, देवाला."

चैत्राली उन्हाळ्यापुरती त्यांच्याकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला राहत होती. पीएचडीच्या कामात तिला रेल्वेरुळालगतच्या पट्ट्यात पिवळ्या फुलांचा रानटी जवस सापडला होता. त्याच्या दोन जाती, दिसायला जुळ्या. दुर्मीळ जात ठरली तर पट्टा वाचणार होता, नाहीतर तिथे पार्किंग. आणि ओळख पटायच्या आतच आज सकाळी तिथे गवत कापायचं यंत्र फिरलं. तिच्याकडे उरला फोनमधला एक धूसर फोटो.

काकू निर्माल्य कधी कचऱ्यात टाकत नसत. साठवून मागच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाच्या बुंध्याशी घालायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. या फुलांवर मात्र त्यांचा रागच होता. दुपार व्हायच्या आत पाकळ्या गळायच्या आणि देवांपुढे नुसते देठ उरायचे.

चैत्रालीला तेच देठ हवे होते. तिने भिंग डोळ्याला लावलं. पाकळ्यांखालच्या पाचही हिरव्या पात्यांच्या कडांना बारीक काळसर दाणे होते. दुसऱ्या जातीत ते फक्त आतल्या पात्यांना असतात.

"तीच आहे, काकू. रेअरवाली. पट्टा वाचेल."

काकू खुर्चीत टेकल्या.

"म्हणजे पुढच्या वर्षी परत येतील ना गं?"

चैत्रालीने भिंग खाली ठेवलं. काकू यवतमाळच्या. जवस दरवर्षी बीपासूनच उगवतो हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. बी धरायच्या आत फुलं कोणी खुडली, तेही. त्यांना फार वाईट वाटलं.

चैत्राली फुलं एकेक करून निवडू लागली. तळाशी एका देठाला, फुलाबरोबर चुकून खुडलेलं, एक पिकलेलं बोंड निघालं. पुरावा म्हणून वनस्पती चिकटवतात त्या नमुन्याच्या कागदावर बोंडही लावायचं असतं. तिने ते नखाने उकललं, तपकिरी बिया काकूंच्या तळहातावर ओतल्या आणि रिकामं बोंड कागदावर चिकटवलं. खाली, नमुना गोळा करणाऱ्याच्या जागी, तिने काकूंचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू नेहमीसारख्या परडी घेऊन निघाल्या. परतल्या तेव्हा परडी रिकामी होती आणि बोटांना माती लागली होती. देवांना त्या दिवशी नुसत्या अक्षता मिळाल्या.