वाजण्याआधीची हाक

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो, आणि माझ्या बोलण्यातलं निम्मंच खरं धरा. बदलापुरात बेलवलीच्या एका शाळेच्या व्हरांड्यात मी टांगलेली आहे. मूळची मी घंटा नव्हेच. तोफेच्या गोळ्याची रिकामी पुंगळी! उल्हासनगरच्या एका सिंधी भंगारवाल्या साईंनी माझ्या बुडाला भोक पाडलं, साखळी ओवली आणि "घंटा नहीं, तोप है तोप!" म्हणत मला शाळेला विकलं.

तेवढ्यावर मी काय काय रचलं! पाण्याच्या टाकीला सांगितलं, मी एकटीने तीन रणगाडे उलथवले. वाळवंटातले उंट अजून माझं नाव निघालं की गुडघे टेकतात. मुलंही मला दर सव्वीस जानेवारीला चिंच लावून घासायची. सुखात होते मी.

मग या जूनमध्ये विक्रांत आला आणि माझी पाचावर धारण बसली.

विक्रांत आमचा नवा शिपाई. सतरा वर्षं फौजेत होता. सीमेवर गोळा पडला, त्यात त्याचा डावा कान गेला आणि शेजारी उभे असलेले दोन सोबती गेले. पहिल्याच दिवशी त्याने मला उलटं धरून बुडावरचे आकडे वाचले. मी गारठले.

"सरावातली आहेस तू," तो पुटपुटला. "लढाई नाही पाहिलीस. बरं झालं."

टाकीला मात्र त्याने काही सांगितलं नाही.

लवकरच मला कळलं, माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला होता. आणि कुणाला? मला! तास संपायला दहा मिनिटं उरली की तो घड्याळाखाली उभा. कपाळावर घाम, ओठ कोरडे. ठण्ण झालं की मान खांद्यांत जायची. चौथ्या दिवशी त्याने हातोडीला फडकं गुंडाळलं. झालं! माझा आवाज गोधडीत शिंकल्यासारखा येऊ लागला. वरच्या मजल्यावरच्या सातवीला मधली सुट्टी झाल्याचं सुट्टी संपल्यावर कळायचं.

मुख्याध्यापिका उमा मॅडमनी त्याला बोलावलं. "विक्रांत, सोमवारपर्यंत बघते. नाहीतर विजेची घंटा बसवू."

"आपोआप वाजणारी?"

"हो, वेळ लावून ठेवायची. तुम्हालाही त्रास नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अंबरनाथच्या एका कारखान्यातली नोकरी त्याने भोंग्यापायीच सोडली होती. दिवसातून नऊ वेळा डोक्यावर अवचित किंचाळणाऱ्या घंटेखाली तो एक आठवडाही टिकला नसता. मी भंगारात आणि तो पुन्हा घरी, दार लावून.

शुक्रवारी व्हायचं ते झालं. खिचडी शिजवणाऱ्या अंजनीबाई, कुळगावच्या, तोंडाने तिखट. त्यांच्या हातून भल्या मोठ्या पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं. धडाम! विक्रांत माझ्याखाली पालथा, दोन्ही हात डोक्यावर. मुलं हसली. तो उठेना. हसू विझलं. एक चिमुरडी रडू लागली. मला वाटलं, हा आता उठतच नाही.

अंजनीबाई धावत आल्या, पण हात लावला नाही. समोर फतकल मारून बसल्या.

"दादा, झाकन व्हतं रं. माज्या हातून पडलं. ही शाला हाय. बेलवली. खिचडी शिजतेय."

तेच पुन्हा, सावकाश. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने मान वर केली.

"खिचडी लागली असेल खाली, मावशी."

"लागूं दे. तू आईक. फोडनी घालताना मी वरडते का नाय, सरका, फोडनी! म्हनून? तेल तवरंच तडतडतं, पन कुनी दचकत नाय. तुला कोन वरडून सांगतं?"

"घंटा वाजवणारा मीच आहे ना."

"मंग तूच वरड!"

सोमवार उजाडला. विक्रांतने फडकं सोडलं. उमा मॅडम दारात उभ्या. मी मोठ्याने वाजले आणि हा कोसळला तर? हळू वाजले तर दोघांचीही गच्छंती!

"वाजणार हां..." तो पुटपुटला.

"काय मंतर घालतोस का रं?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "फोडनी जलाली माजी!"

विक्रांतने छाती भरून घेतली. "वाजणार हां!"

ठण्ण!

उल्हास नदीवरचे बगळे उठले, आणि ही थाप नाही. विक्रांतने खांब धरला. पडला नाही. पुन्हा ओरडला, पुन्हा ठोकलं. मॅडमनी विजेच्या घंटेचा कागद घडी करून खणात ठेवला. फाडला नाही, ठेवला.

तो अजून बरा झालेला नाही, मित्रांनो. घाम येतोच. पण आता मुलं बाक सरकवण्याआधीही ओरडतात, "काका, वाजणार हां!" यंदा दिवाळीत तर त्याच्या खिडकीखाली जमून त्यांनी हाक दिली आणि त्याचा हात बाहेर दिसेपर्यंत एकाही फटाक्याला उदबत्ती लावली नाही.

तुमच्याही गल्लीत असा कुणी असेल. तो दचकला तर हसू नका. फटाका पेटवताना, दार ओढताना आधी एक हाक द्या. तीन रणगाडे उलथवणाऱ्या मलासुद्धा भीती वाटते, मग तो तर खरा लढलेला आहे.

बरं, साडेपाच होत आले. विक्रांत हातोडी घेऊन आलाय. सरका जरा.

वाजणार हां!