पडद्यावरचा मंगरू

बांबूचा पहिला फटका गोकुळाच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मच्छीमार सोसायटीच्या दारापर्यंत ऐकू आला. मारणारा तिचाच दीर, गोपाल. भोवती अख्खं गाव, आणि टेबलावरच्या संगणकातून तिचा नवरा मंगरू, जो मागच्या पावसाळ्यात तलावात बुडून मेला, सगळ्यांकडे टक लावून पाहत होता.

"आत्मा हार्डडिस्कमंदी शिरला," चंद्रपूरचा मेकॅनिक हेमराज उदबत्ती ओवाळत म्हणाला. "करंट पिऊन राह्यला, म्हणून मशीन घडीघडी बंद पडते. या बाईनं करणी केली. कोणी हात नोका लावू, जळून मरान."

एकाच बॅगेत मेकॅनिक आणि मांत्रिक मिळाल्यावर गाव कशाला डोकं चालवतं? हेमराज लिंबू उतरवताना टेबलावर हात टेकायचा, की मंगरू गायब. लोक हात जोडून गप्प बसले, की मंगरू पुन्हा हजर.

जाळं ओढून झालं, की गोकुळा सोसायटीत झाडलोट करायची. त्या सकाळी तिने हेमराजला एवढंच विचारलं होतं, "भाऊ, मशीनमंदला नवा भाग बॅगेत काऊन टाकून राह्यले?" दुपारपर्यंत ती चेटकीण ठरली.

दुसरा फटका डोक्यात बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. आणखी काठ्या उठल्या तोच शाळेतल्या साधनाबाई गर्दीत घुसल्या आणि तिच्या अंगावर आडव्या पडल्या. एक काठी त्यांच्याही पाठीत बसली.

उठून बाईंनी सरळ माऊस हलवला. मंगरू गेला. बाई काही जळल्या नाहीत.

"बाई, हात काढा," हेमराजचा आवाज चिरकला.

"काढीन. थोडं काम आहे." शाळेत संगणक त्याच शिकवत; त्यांनी भराभर काही कळा दाबल्या. "ओळखपत्रासाठी साऱ्या सभासदाईचे फोटो यातच आहेत. आता कोणी हात नोका लावू. गोपालभाऊ, समोर या."

मिनिटभर कोणी मशीनला हात लावला नाही. मग पडद्यावर गोपाल उगवला.

"भाऊ, तुमी कवा मेले?" बाईंनी विचारलं.

गोपालच्या हातातला बांबू खाली पडला.

"मशीनले कोणी हात नाई लावला, की लावून ठेवलेलं चित्र आपोआप येते. हात लागला, टेबल हालून माऊसले धक्का बसला, की जाते. यानं मंगरूचा फोटो लावला होता."

"त्याची बॅग पाहा," गोकुळा जमिनीवरून म्हणाली.

नवा भाग बॅगेतच निघाला. चांगला काढून जुना बसवायचा, म्हणून मशीन बंद पडायची. मग त्याच काठ्या हेमराजवर पडल्या. त्याचं तोंड फुटलं तेव्हा बाई पुन्हा आडव्या आल्या. "पुरे. पोलिसाईले बोलावलं आहे. कायद्यात चोराले जागा आहे, तशी मारणाऱ्यालेही आहे."

पोलिसांनी हेमराज आणि गोपाल, दोघांनाही जीपमध्ये बसवलं. "मले त्यानं फसवलं, वहिनी," गोपाल रडत म्हणाला.

"फसवलं त्यानं," गोकुळा म्हणाली, "पण बांबू तं तुह्याच हातात होता."

तिचं मनगट वाकडंच जुळलं. त्या हाताने आता जाळं ओढवत नाही. म्हणून सांगतो, जो हात लावू देत नाही, त्याच्या चमत्काराला आधी हात लावून पाहा. तोवर काठी उचलू नका.